नवा मॉनिटर, माऊस, एसएसडी, प्रिंटर: दोष वस्तूत की जोडणीत?

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकला इंदिरानगरमध्ये राहणाऱ्या, घरीच शिकवण्या घेणाऱ्या एका ताईंकडे २०१८ साली असेंबल केलेला डेस्कटॉप आहे. आठव्या पिढीचा आय ५, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. महिन्याभरात त्यांनी २७ इंची ४के मॉनिटर, वायरलेस कीबोर्ड-माऊसची जोडी, १ टीबीची पोर्टेबल एसएसडी, एका पोर्टचे चार करणारा यूएसबी हब, वेबकॅम आणि इंक टँक प्रिंटर घेतला. आता स्क्रीनवर सगळं ओढल्यासारखं हलतं, माऊस मध्येच अडकतो, एसएसडीवर ५० जीबी कॉपी व्हायला वीसेक मिनिटं लागतात, वेबकॅमच्या चित्रात आडवे पट्टे सरकतात आणि लाइट जाऊन आली की प्रिंटर ‘ऑफलाइन’ दाखवतो. यातलं काय परत करावं, आणि यूपीएस घ्यावा का, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, तुम्ही दिलेली लक्षणं पाहता परत करण्यासारखी वस्तू एकच दिसते, ती म्हणजे हब. बाकीच्या पाचही बहुधा धडधाकट आहेत. घोळ आहे तो कुठली वस्तू कुठल्या पोर्टला, कुठल्या केबलने आणि कसल्या विजेवर जोडली आहे यात. दुकानदार वस्तू बदलून देईल, पण जोडणी तीच राहिली तर नवी वस्तूही तशीच वागेल. म्हणून आधी हब बाजूला ठेवा, मॉनिटर सोडून बाकीच्या नव्या वस्तूंच्या पिना काढा आणि जुना साधा वायरवाला माऊस-कीबोर्ड लावून कॉम्प्युटर सुरू करा. मग एकेक वस्तू जोडा, दहा-पंधरा मिनिटं वापरा, नीट चालली तरच पुढची जोडा. एका वेळी एकच बदल करायचा. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशाने फरक पडला ते कळत नाही.

मॉनिटरपासून सुरुवात करू. तुमच्या वर्णनावरून तो ३० हर्ट्झवर चालतो आहे. डेस्कटॉपवर राइट क्लिक करून ‘डिस्प्ले सेटिंग्ज’मध्ये जा, खाली ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’ आहे, तिथे रिफ्रेश रेट दिसेल. ३० असेल तर सेकंदाला तीसच चित्रं, म्हणजे दर ३३ मिलिसेकंदांनी एक. ६० ला हेच अंतर १७ मिलिसेकंदांच्या आत येतं आणि हाताला फरक लगेच जाणवतो. ६० चा पर्याय यादीतच नसेल तर दोष मॉनिटरचा नाही. आठव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरमधलं अंगभूत ग्राफिक्स एचडीएमआय १.४ पर्यंतच जातं, आणि १.४ वर ४के म्हणजे ३० हर्ट्झ. काही महागड्या मदरबोर्डांवर एचडीएमआय २.० साठी वेगळी चिप असते, ते बोर्डाच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. पण साध्या बोर्डावर महागातली एचडीएमआय केबल घेऊन काहीच साधत नाही.

याच प्रोसेसरचं डिस्प्लेपोर्ट मात्र ४के ६० हर्ट्झला देतं. कॅबिनेटच्या मागे पाहा: एचडीएमआयच्या शेजारी एक कोपरा कापलेलं आयताकृती सॉकेट असेल तर तेच डिस्प्लेपोर्ट. दोन्ही टोकांना डिस्प्लेपोर्ट असलेली दीड-दोन मीटरची केबल घ्या. ‘कॉम्प्युटरकडे एचडीएमआय, मॉनिटरकडे डिस्प्लेपोर्ट’ अशी साधी केबल घेऊ नका. या जोडणाऱ्या साध्या केबली एकाच दिशेने चालतात, डिस्प्लेपोर्टकडून एचडीएमआयकडे. उलट्या दिशेने चित्र येतच नाही, आणि लोक मॉनिटर बंद पडला समजून तो उचलून दुकानात नेतात. केबल बदलूनही ३० च राहिलं तर मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत डिस्प्लेपोर्टची आवृत्ती १.१ वर ठेवलेली नाही ना, ते पाहा. ती १.२ किंवा त्यापुढची करायची.

बोर्डावर डिस्प्लेपोर्ट नसेलच, कारण स्वस्त बोर्डांवर बऱ्याचदा एचडीएमआय आणि व्हीजीए एवढंच असतं, तर दोन मार्ग उरतात. एक, रिझोल्यूशन २५६० बाय १४४० करून ६० हर्ट्झ घ्यायचे. अक्षरं किंचित मऊ दिसतील, पण काम सुसह्य होईल. दुसरा, एचडीएमआय २.० असलेलं छोटं ग्राफिक्स कार्ड घालायचं. इथे सावध राहा: जीटी ७१० हे जुनं कार्ड अजूनही दुकानांत ‘४के सपोर्ट’ म्हणून मिळतं, पण तेही ३० हर्ट्झलाच थांबतं. जीटी १०३० पासून पुढे एचडीएमआय २.० आहे. कार्ड घातल्यावर केबल कार्डालाच लावायची, मदरबोर्डच्या जुन्या सॉकेटला नाही.

२७ इंचांत ४के म्हणजे इंचाला साधारण १६३ ठिपके, त्यामुळे स्केलिंग, म्हणजे अक्षरं-चित्रं मोठी दाखवण्याचं प्रमाण, १५० टक्के ठेवा. १०० टक्क्यांवर मराठीतल्या मात्रा, रफार आणि अनुस्वार डोळ्यांना फार ताण देतात. एचडीएमआय वापरताना काळा रंग राखाडी दिसत असेल तर ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये ‘लिमिटेड रेंज’ऐवजी ‘फुल रेंज’ निवडा. रॅमची एकच पट्टी असेल तर तेवढ्याच क्षमतेची दुसरी घाला. अंगभूत ग्राफिक्स रॅमच वापरतं आणि दोन पट्ट्यांनी त्याला दुप्पट रुंद वाट मिळते.

आता एसएसडी, हब आणि माऊस. ही तिन्ही दुखणी एकमेकांत अडकलेली आहेत.

५० जीबीला वीसेक मिनिटं म्हणजे सेकंदाला चाळीसेक एमबी. हा आकडा दिसला की यूएसबी २.० ओळखायचं. त्याचा कागदावरचा वेग ४८० मेगाबिट, म्हणजे ६० मेगाबाइट. देवाणघेवाणीचा खर्च वजा जाता हातात ३५ ते ४० येतात. तीच एसएसडी ५ गिगाबिटच्या यूएसबी ३ वर ४०० च्या आसपास जाते आणि ५० जीबी दोन-सव्वादोन मिनिटांत उतरतात. म्हणजे एसएसडी ठीक आहे, वाटेत कुठेतरी यूएसबी २.० आलं आहे. ते तीन ठिकाणी असू शकतं.

पहिलं ठिकाण हब. त्याचा प्लग उजेडाकडे धरून आत पाहा. पुढच्या बाजूला चार चपट्या सोनेरी पट्ट्या सगळ्यांनाच असतात. यूएसबी ३ असेल तर त्यांच्या मागे, आत खोलवर, आणखी पाच बारीक संपर्क दिसतात. चारच असतील तर खोक्यावर काहीही छापलेलं असो, तो हब २.० चा आहे. निळ्या रंगावर विसंबू नका, निळं प्लास्टिक कोणीही घालतं. दुसरं ठिकाण केबल. एसएसडीसोबत आलेली आखूड केबलच वापरा. फोनच्या चार्जरची यूएसबी-सी केबल दिसायला तशीच असते, पण चार्जिंगच्या बहुतेक केबलींत डेटासाठी २.० च्याच तारा असतात. तिसरं ठिकाण कॅबिनेटचा पुढचा पोर्ट. असेंबल करताना त्याची आतली १९ पिनांची जाड वायर बोर्डाला लावायची राहून गेली असेल तर पुढचा निळा पोर्ट मेलेला असतो, आणि कनव्हर्टर लावून २.० च्या पिनांवर जोडली असेल तर पोर्ट चालतो पण हळू. म्हणून चाचणी मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टला करा. आणखी एक बारकावा: प्लग फार हळू सरकवत घातला तर पुढच्या चार पट्ट्या आधी टेकतात आणि कॉम्प्युटर २.० वर बोलणी करून मोकळा होतो. काढून एका दमात, सरळ आत घाला.

हबला स्वतःचा ॲडॉप्टर नसेल तर वेगाच्या जोडीला विजेचाही प्रश्न येतो. यूएसबी २.० पोर्ट ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर देतो, ३ चा पोर्ट ९००. बिनॲडॉप्टरचा २.० हब नियमाप्रमाणे आपल्या चार पोर्टांना प्रत्येकी १०० मिलिअँपिअरच देऊ शकतो. पोर्टेबल एसएसडी जोरात लिहिताना याच्या कितीतरी पट ओढते. मग ती मध्येच गायब होते, ‘डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड’ असा संदेश येतो आणि कॉपी होत असलेली फाइल अर्धवट राहते. फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क असेल तर ती सुरू होताना आणखी जास्त ओढते आणि पुरेशी वीज मिळाली नाही की टक्-टक् आवाज करत राहते. तो आवाज आला की लगेच काढा, पुन्हापुन्हा लावून पाहू नका. एसएसडी, हार्ड डिस्क आणि वेबकॅम कधीही अशा हबवर नको. ते मागच्या पोर्टांना, आणि हबवर फक्त पेन ड्राइव्ह किंवा प्रिंटर.

माऊस अडकण्याचं कारणही इथंच आहे. वायरलेस जोडीचा रिसीव्हर २.४ गिगाहर्ट्झवर बोलतो. यूएसबी ३ चा डेटा वाहत असताना प्लग आणि केबलच्या भोवती नेमक्या याच पट्ट्यात रेडिओ गोंगाट तयार होतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर तांत्रिक टिपण काढलं होतं. म्हणून एसएसडी आणि रिसीव्हर शेजारी-शेजारी असले की कॉपी चालू असताना माऊस उड्या मारतो, आणि कॉपी संपली की आपोआप शहाणा होतो. खात्री करायला एसएसडी काढून माऊस फिरवा. त्याच क्षणी सुरळीत झाला तर निदान झालं.

उपाय स्वस्त आहे. यूएसबी २.० ची एक मीटर एक्स्टेंशन केबल दीडशे-दोनशे रुपयांत मिळते. ती मागच्या काळ्या, २.० च्या पोर्टला लावा आणि दुसऱ्या टोकाचा रिसीव्हर टेबलावर, माऊसपासून हातभर अंतरावर ठेवा. नुसता रिसीव्हर कॅबिनेटच्या मागे खोचला तर मधला पत्रा सिग्नल अडवतो. केबल मुद्दाम २.० ची घ्या; ३ ची घेतली तर ज्या गोंगाटापासून पळतो आहोत तोच सोबत येतो. घरातलं वायफाय २.४ वर असेल आणि राउटरमध्ये ५ गिगाहर्ट्झची सोय असेल तर कॉम्प्युटर ५ वर न्या, तेवढी गर्दी कमी होईल. एवढं करूनही माऊस थोडा वेळ पडून राहिल्यावर झोपत असेल तर विंडोजच्या पॉवर सेटिंगमधलं ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करा. काचेच्या टेबलावर साधा ऑप्टिकल माऊस चालत नाही, खाली पॅड हवंच.

एसएसडी फक्त विंडोजवर वापरणार असाल तर एनटीएफएस फॉरमॅट ठेवा. एक्सफॅट मॅकवर आणि बऱ्याच फोनवरही चालतं, पण त्यात लिहिण्याची नोंदवही नसते, त्यामुळे कॉपी चालू असताना लाइट गेली तर फाइलींचा घोटाळा होण्याची भीती जास्त. फॅट ३२ तर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल घेतच नाही, तासाभराचा व्हिडिओ तिथेच अडकतो. मोठी कॉपी करताना पहिले काही जीबी झरझर जाऊन नंतर वेग घसरला तर घाबरू नका. आतली वेगवान जागा भरली की स्वस्त एसएसडी संथ होते, तो तिचा स्वभावच आहे. विद्यार्थ्यांच्या नोट्सची एकमेव प्रत मात्र तिच्यावर ठेवू नका.

वेबकॅमचं काम दोन मिनिटांचं आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट आणि साधे एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. कॅमेरा ६० हर्ट्झच्या देशासाठी लावलेला असेल तर त्याच्या शटरचा मेळ बसत नाही आणि पट्टे सरकताना दिसतात. विंडोजच्या कॅमेरा ॲपमधल्या सेटिंगमध्ये ‘फ्लिकर रिडक्शन’ आहे, ते ५० हर्ट्झ करा. कॅमेऱ्यासोबत सॉफ्टवेअर आलं असेल तर त्यात ‘अँटी फ्लिकर’ किंवा ‘पॉवरलाइन फ्रिक्वेन्सी’ या नावाने तेच असतं. उजेड तोंडासमोरून येऊ द्या, पाठीमागची खिडकी बंद ठेवा. वर्ग घेताना ब्लूटूथ हेडफोनचा माइक सुरू झाला की आवाज फोनवरच्यासारखा चपटा होतो. त्या वेळी माइक वेबकॅमचा निवडा आणि हेडफोन फक्त ऐकण्यासाठी ठेवा.

प्रिंटर ‘ऑफलाइन’ होण्यामागे राउटर आहे. लाइट आल्यावर राउटर आणि प्रिंटर दोघेही नव्याने उठतात, राउटर प्रिंटरला वेगळा आयपी पत्ता (घरच्या नेटवर्कमधला क्रमांक) देतो आणि कॉम्प्युटर जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसतो. प्रिंटर टेबलाजवळच असेल तर माझा स्पष्ट सल्ला: वायफाय सोडा, यूएसबी केबल लावा. पाच मीटरपर्यंतची केबल निर्धास्त चालते आणि हा प्रश्नच मिटतो. फोनवरूनही प्रिंट हवी असेल तर राउटरच्या पानावर जा. पत्ता आणि पासवर्ड राउटरच्या तळाच्या स्टिकरवर असतो, पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. तिथल्या डीएचसीपीच्या, म्हणजे पत्ते वाटण्याच्या, भागात ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ शोधा आणि प्रिंटरच्या मॅक क्रमांकाला (त्याच्या कायमच्या ओळख क्रमांकाला) एक पत्ता कायमचा बांधून द्या. मग विंडोजमध्ये प्रिंटरच्या ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’मधल्या ‘पोर्ट्स’ टॅबवर जाऊन ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’ जोडा आणि तोच पत्ता लिहा. तिथे डब्ल्यूएसडी असं नाव असलेला पोर्ट निवडलेला असेल तर बदलाच, ऑफलाइनची निम्मी दुखणी त्याच्यापाशी असतात. घरगुती प्रिंटर बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात, तेव्हा राउटरवर २.४ चं वायफाय चालू राहू द्या.

इंक टँक प्रिंटरची खरी काळजी वेगळीच आहे, आणि ती आपल्या सवयीच्या आड येते. काम झालं की भिंतीवरचं बटण बंद करायचं, हे आपल्या अंगवळणी पडलेलं असतं. प्रिंटरला ते चालत नाही. प्रिंटरचंच बटण दाबा आणि ऐका: हेड सरकत उजव्या टोकाला जातं, टक् असा हलका आवाज होतो आणि दिवा विझतो. त्या आवाजाच्या वेळी हेडखाली रबराचं टोपण बसतं. भिंतीवरून वीज तोडली तर हेड मध्येच उघडं राहतं आणि नाशिकच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत शाई नोझलमध्ये वाळते. दिवा विझल्यानंतर भिंतीवरचं बटण बंद केलंत तरी हरकत नाही.

आठवड्यातून एकदा चारही रंगांचं एक पान काढा. तुम्ही प्रश्नपत्रिका काळ्यातच छापणार, म्हणजे पिवळा आणि निळा आधी चोंदणार. रेघा तुटक आल्या तर ‘नोझल चेक’ छापा, मग ‘हेड क्लीनिंग’. दोन-तीनदा करून सुधारलं नाही तर थांबा, बारा तास तसंच राहू द्या, वाळलेली शाई भिजायला वेळ लागतो. सलग दहा वेळा क्लीनिंग केलं तर टाकीतली शाई खालच्या शोषक पॅडमध्ये जाते आणि पॅड भरलं की प्रिंटर कामच थांबवतो. पहिल्यांदा शाई भरल्यावर टाकीची पातळी एकदम खाली गेली असेल तर गळती समजू नका, नळ्या भरायला तेवढी लागते. दोन कंपन्यांची शाई एकाच टाकीत मिसळू नका. पावसाळ्यात उघडी रीम दमट होते, कागद वाकतो आणि दोन-दोन पानं एकदम ओढली जातात. रीम प्लास्टिकच्या पिशवीत बंद ठेवा आणि ट्रेमध्ये लागतील तेवढीच पानं घाला.

यूपीएस घ्या. तुमचा कॅबिनेट, मॉनिटर आणि राउटर मिळून साध्या कामात १०० वॉटच्या आसपास जातील. ६०० व्हीएचा साधा यूपीएस सुमारे ३६० वॉटचा असतो, म्हणजे पुरेसा. आतली १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे ८४ वॉट-तास, पण इतक्या भराभर रिकामी करताना जेमतेम निम्मे हाती लागतात. नवी असताना पंधरा-वीस मिनिटं धरा. फाइल सेव्ह करून कॉम्प्युटर नीट बंद करायला ती खूप झाली. बॅटरी दोन-तीन वर्षांत संपते, ती बदलायची असते, यूपीएस टाकायचा नसतो. कधी काळी लेझर प्रिंटर घेतलात तर तो यूपीएसवर अजिबात लावू नका. त्याचा तापणारा भाग क्षणात ८००-१००० वॉट ओढतो आणि यूपीएस किंचाळून सगळंच बंद करतो. चाचणी घेताना यूपीएसची पिन ओढू नका, भिंतीवरचं बटण बंद करा. बटणाने फेज तुटते, अर्थिंग तशीच राहते. काही चांगल्या प्रतीच्या एसएमपीएसना (कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्यांना) स्वस्त यूपीएसची पायऱ्यापायऱ्यांची लहर मानवत नाही, बदलाच्या क्षणी कॉम्प्युटर बंद पडतो. म्हणून ही चाचणी बदलून मिळण्याची मुदत असेपर्यंतच करा.

अर्थिंगचं विचारलं नाहीत, पण मी सांगणारच. कॅबिनेटला किंवा मॉनिटरच्या धातूच्या स्टँडला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थिंग नाही असं समजा. एसएमपीएसच्या फिल्टरमुळे अर्थ नसलेला पत्रा मुख्य विजेच्या साधारण निम्म्या, म्हणजे ११० व्होल्टच्या आसपास तरंगतो. करंट अगदी थोडा असतो, पण चालू वस्तूंमध्ये एचडीएमआय खोचताना तोच ठिणगी टाकून पोर्ट जाळू शकतो. रविवार कारंजा, भद्रकालीकडच्या जुन्या वाड्यांत सॉकेटला तिसरं भोक असलं तरी मागे वायर असेलच असं नाही, आणि नव्या इमारतीतही ती सैल असू शकते. इलेक्ट्रिशियनकडून मल्टिमीटरने मोजून घ्या. मोठं भोक वर धरल्यास समोरून उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. फेज ते न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज ते अर्थ जवळजवळ तेवढेच, आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टांच्या आत यायला हवेत. तीन पिनांचं दोन पिना करणारं कनव्हर्टर घरात असेल तर फेकून द्या. कॅबिनेट आणि मॉनिटर एकाच बोर्डावरून चालवा, चित्राची केबल दोन्ही बंद असतानाच लावा. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की नुसतं बटण पुरत नाही, पिन उपसा. इंटरनेट तांब्याच्या केबलने येत असेल तर तीही काढा. फायबर काचेची असते, तिच्यातून वीज येत नाही, पण राउटरचा ॲडॉप्टर काढावाच लागतो. डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी असते तेव्हा पेन ड्राइव्ह लावण्याआधी कॅबिनेटच्या पत्र्याला बोट टेकवा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज पोर्टात न जाता तिथेच उतरते.

कीबोर्डवर मराठी टाइप करणार असाल तर उजव्या बाजूला ‘ऑल्ट’ आहे का ते बघा. छोट्या वायरलेस कीबोर्डांत तिथे ‘एफएन’ बसवलेलं असतं आणि मग रुपयाचं चिन्ह काढायला उजवा ऑल्ट आणि ४ दाबता येत नाही. कंट्रोल, डावा ऑल्ट आणि ४ असा वळसा घ्यावा लागतो. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डच्या मांडणीत ‘ऱ्या’ लिहिताना अडत असाल तर क्रम असा: शिफ्टसह जे, मग डी, मग तिरपी रेघ, मग ई. रोमन अक्षरांनी लिहायची सवय असेल तर विंडोजमध्ये ‘मराठी फोनेटिक’ कीबोर्ड आहे, भाषेच्या सेटिंगमधून जोडता येतो.

आता परत करण्याचं. हबचा प्लग तपासा. पाच संपर्क मागे नसतील आणि खोक्यावर यूएसबी ३ लिहिलं असेल तर फोटो काढून ठेवा आणि तेवढ्यावरच परत करा. बदल्यात स्वतःच्या ५ व्होल्ट, किमान ३ अँपिअरच्या ॲडॉप्टरचा हब मागा. मात्र मागचे पोर्ट पुरत असतील तर हब घेऊच नका, पैसे डिस्प्लेपोर्ट केबलकडे वळवा. एम.जी. रोडवरच्या दुकानातून घेतलं तर तिथेच जोडून बघता येतं, ही सोय ऑनलाइन नाही. बिलावर जीएसटीसोबत सीरियल नंबर लिहून घ्या, नसेल तर वॉरंटीच्या वेळी वाद होतो. ॲडॉप्टरवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो बीआयएस केअर ॲपमध्ये घालून खरा आहे का ते तपासता येतं. मॉनिटरचं सर्व्हिस सेंटर नाशकातच आहे की मुंबई-पुण्याला पाठवावं लागतं, हे विचारून ठेवा, कारण २७ इंची खोकं कुरिअर करणं सोपं नाही. त्याचं थर्मोकोल आणि खोकं मुदत संपेपर्यंत जपा. आणि आजच रात्री खोलीतला दिवा बंद करून स्क्रीनभर क्रमाने काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा रंग लावून पाहा. काळ्यावर चमकणारा किंवा पांढऱ्यावर काळा राहणारा ठिपका दिसला तर त्याचा फोटो काढा आणि उद्याच दुकानदाराला कळवा. किती ठिपक्यांपर्यंत बदलून देत नाहीत याचा नियम प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, पण विक्रेत्याच्या परतीच्या मुदतीत सांगितलंत तर तो वाद टाळता येतो.